ऑनलाइन बाजार आणि मालाचा मधला पैसा

पीक उभें करणें हें शेतकऱ्याचें निम्में काम. त्या पिकाचा पैसा पदरांत पडणें हें उरलेलें निम्में. पहिल्या निम्म्याविषयीं शेतकरी मोकळेपणानें बोलतो. बियाणें कोणतें, खत किती, पाणी केव्हां, या प्रश्नांवर चावडीवर व सभांतून खल होतो. दुसऱ्या निम्म्याची चर्चा मात्र बहुधा भावापाशींच थांबते. आज काय भाव निघाला, हें जो तो विचारतो. पैसे किती दिवसांनीं आले, कोणाच्या खात्यांतून आले आणि येईपर्यंत ते कोणाच्या हातीं होते, हें विचारणारा विरळा.

अलीकडे या प्रश्नास नवें महत्त्व आलें आहे. रत्नागिरी-देवगडकडील बागाईतदार मोबाइलवर मागणी घेऊन आंब्याच्या पेट्या पुण्यामुंबईस घरोघर पाठवितो. शेतकरी उत्पादक कंपन्या डाळी, हळद, गूळ, तांदूळ हा माल ऑनलाइन बाजारांत मांडतात. बाजार समित्यांतही संगणकावर बोली लागूं लागली आहे. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु माल आणि दाम यांच्यामध्यें पूर्वीं एक आडत्या उभा असे, तेथें आतां चारपांच संस्था उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांचें तोंडही विकणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं, ऑनलाइन विक्रींत भाव ठरविण्यापूर्वीं मधल्या पैशाचा धनी कोण, हें ठरवून घ्यावें. तें कसें ठरवावें, हाच या लेखाचा विषय होय.

प्रश्न जुनाच आहे

वऱ्हाडांतील कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. आपल्या देशांतील असा तो पहिला बाजार गणला जातो. १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२७ सालीं मुंबई इलाख्यांत कापूस बाजाराचा, १९३९ सालीं इतर शेतमालासही लागू पडणारा, आणि १९६३ सालीं महाराष्ट्र राज्याचा कायदा झाला. या सर्व कायद्यांच्या मुळाशीं तीन गोष्टी दिसून येतात : वजन खरें असावें, लिलाव उघड व्हावा आणि पैसे वेळेवर मिळावे. विक्रीनंतर २४ तासांच्या आंत शेतकऱ्याचे पैसे चुकते करावे, असा महाराष्ट्रांतील बाजार समित्यांचा दंडक आहे. तो सर्वत्र पाळला जातो असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि मोडला गेल्यास दाद कोठें मागावी हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. समितीचें कार्यालय आवारांतच असतें, आणि व्यापाऱ्याचा परवाना समितीच्या हातीं असतो.

ऑनलाइन बाजारास आवार नाहीं. खरेदीदार नागपुरास, माल सिंधुदुर्गांत, बाजार चालविणारी कंपनी बंगळुरास आणि पैसे वाहणारी कंपनी आणखी चौथ्याच ठिकाणीं, असा हा सौदा असतो. अशा ठिकाणीं बाजार समितीच्या २४ तासांच्या दंडकावर विसंबून राहतां येत नाहीं; विकणाऱ्यानें मान्य केलेलें करारपत्र हाच त्याचा कायदा होऊन बसतो. आणि तें करारपत्र पुष्कळदां न वाचतां, मोबाइलवर एक बोट टेकून, मान्य केलें जातें.

अनोळखी माणसांचा सौदा

एकमेकांस कधींही न पाहिलेल्या दोघांचा सौदा कसा पुरा व्हावा, ही अडचण ऑनलाइन बाजाराच्या जन्मापासूनची आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत ईबे हा बाजार निघाला. आरंभीं तेथील खरेदीदार टपालानें धनादेश पाठवी व विकणारा तो वटेपर्यंत माल अडवून ठेवी. पुढें १९९८ सालीं स्थापन झालेल्या एका कंपनींतून पेपाल ही पैसे पोंचविणारी सोय उदयास आली, आणि २००२ सालीं ईबेनें ती दीडशें कोटी डॉलरांस विकत घेतली. बाजार उभारणाऱ्यास पैशाची वाट स्वतःच्या हातीं असणें किती मोलाचें वाटतें, हें या किंमतीवरून कळेल.

चीन देशांत याच अडचणीवर निराळा तोडगा निघाला. २००३ सालीं अलीबाबा कंपनीनें ताओबाओ हा बाजार सुरू केला. खरेदीदार म्हणे, आधीं माल पाठवा. विकणारा म्हणे, आधीं पैसे पाठवा. तेव्हां खरेदीदाराचे पैसे मध्यें अडकवून ठेवावे, माल हातीं आल्याचें त्यानें कळविलें म्हणजे ते विकणाऱ्यास सोडावे, अशी रीत कंपनीनें घातली. २००४ सालीं या कामाकरितां अलीपे ही स्वतंत्र संस्था निघाली. आपल्याकडे लग्नाच्या अगर जमिनीच्या व्यवहारांत दोन्ही पक्षांच्या विश्वासांतील वडीलधाऱ्या गृहस्थाकडे रक्कम ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, त्या गृहस्थास गांव ओळखत असे.

अशी मधली ठेव वाढत गेली म्हणजे नवा प्रश्न उभा राहतो. लाखों लोकांचे पैसे दोनचार दिवस जरी एका कंपनीकडे राहिले, तरी कंपनीजवळ नेहमींच मोठा सांठा असतो. त्यावर व्याज कोणी घ्यावें ? तो कंपनीनें धंद्यांत घातला तर ? चीनच्या मध्यवर्ती बँकेनें २०१७ पासून पायरीपायरीनें असा नियम केला कीं, ग्राहकांचा हा पैसा मध्यवर्ती बँकेंतच ठेवला पाहिजे. जानेवारी २०१९ पासून तो पुरापूर तेथें ठेवावा लागूं लागला.

आपल्या देशांतील नियम

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें २००९ सालीं प्रथम असा आदेश दिला कीं, ग्राहकाकडून पैसे गोळा करून विक्रेत्यास पोंचविणाऱ्या मध्यस्थानें ते पैसे आपल्या धंद्याच्या खात्यांत मिसळूं नयेत. मार्च २०२० मध्यें याहून कडक नियम आले. अशा मध्यस्थास ‘पेमेंट ॲग्रिगेटर’ हें नांव मिळालें. आम्ही या लेखांत त्यास देयक-मध्यस्थ म्हणूं. बँकेतर कंपनीस हें काम करावयाचें तर रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी, अर्ज करतांना तिची निव्वळ मत्ता किमान १५ कोटी रुपये असावी व पुढें ती २५ कोटींवर न्यावी, आणि गोळा केलेला पैसा अनुसूचित व्यापारी बँकेंतील निराळ्या विश्वस्त खात्यांत ठेवावा, असें त्या नियमांनीं ठरविलें. जो स्वतः ऑनलाइन बाजार चालवितो, त्यास इतर विक्रेत्यांचा पैसा गोळा करण्याचा धंदाही करावयाचा असेल तर तो बाजारापासून वेगळा काढावा, हेंही त्याच नियमांत आलें. यांतील हेतु उघड आहे. मधला पैसा बाजाराचा नाहीं व मध्यस्थाचाही नाहीं. तो विकणाऱ्याचा आहे, अथवा सौदा मोडल्यास खरेदीदाराचा आहे.

नियम झाला म्हणजे निर्धास्त झालों, असें मात्र कोणी समजूं नये. जर्मनींत म्युनिकजवळ वायरकार्ड नांवाची पैसे वाहणारी मोठी कंपनी होती. तिच्या हिशेबांत सुमारें १९० कोटी युरो विश्वस्त खात्यांत जमा दाखविलेले होते. जून २०२० मध्यें हिशेबतपासनिसांस त्या खात्यांचा पुरावा मिळेना, तेव्हां कंपनीनेंच जाहीर केलें कीं, तो पैसा बहुधा अस्तित्वांतच नाहीं. आणि त्याच महिन्यांत तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या इंग्लंडांतील शाखेचे व्यवहार तेथील नियामकानें कांहीं दिवस गोठविले. तेथील ग्राहकांचा पैसा वेगळा राखलेला असल्यामुळें तो बुडाला नाहीं. पण तितके दिवस लोकांस आपलाच पैसा काढतां येईना. यावरून दोन बोध घ्यावे. वेगळा ठेवलेला पैसा वांचतो, हा एक. आणि सर्व पैसा एकाच वाटेवर ठेवूं नये, हा दुसरा.

पैसा कोणत्या वाटेनें येतो

आतां आपल्या खरेदीदाराचा रुपया आपल्यापर्यंत कसा येतो, तें पाहूं. पहिली वाट युपीआयची. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ २००८ सालीं स्थापन झालें व त्यानें २०१६ सालीं ही पद्धत सुरू केली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत तिच्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. हिचा विशेष असा कीं, पैसा देणाऱ्याच्या बँकखात्यांतून निघून घेणाऱ्याच्या बँकखात्यांत थेट पडतो. मोबाइलवरील ॲप हें केवळ निरोप्याचें काम करतें, पैसा त्याच्यापाशीं राहत नाहीं. जानेवारी २०२० पासून युपीआयच्या साध्या व्यवहारावर विक्रेत्याकडून बँकेनें घ्यावयाची कटौतीही बंद झाली. बागाईतदारानें आपल्याच क्यूआर कोडावर ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले, तर मधला पैसा असा उरतच नाहीं.

दुसरी वाट कार्डाची. येथें खरेदीदाराची बँक, कार्डाचें जाळें चालविणारी संस्था, विकणाऱ्याच्या बाजूची बँक आणि देयक-मध्यस्थ, असे चार हात लागतात, व प्रत्येकजण आपला वांटा उचलतो. सर्व मिळून कटौती साधारणतः शेंकडा दोनच्या आसपास पडते व तिच्यावर वस्तु व सेवा कर निराळा. शिवाय कार्डवाल्यास आपल्या बँकेकडे तक्रार करून दिलेले पैसे परत मागण्याचा मार्ग मोकळा असतो. तक्रार मान्य झाली तर रक्कम विकणाऱ्याच्या येण्यांतून वळती होते. घड्याळ विकणाऱ्यास घड्याळ तरी परत मिळतें. आंबा अगर द्राक्षें विकणाऱ्यास काय परत मिळणार?

तिसरी वाट ‘माल पोंचल्यावर रोख’ ही. शेतकऱ्यास ती रोखीची म्हणून भरंवशाची वाटते. परंतु रोकड पडते ती माल पोंचविणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या हातीं, आणि तेथून ती कांहीं दिवसांनीं विकणाऱ्याकडे येते. मोठ्या घाऊक सौद्यास चौथी वाट बँकेच्या थेट भरण्याची. एनईएफटी ही सोय डिसेंबर २०१९ पासून आणि दोन लाख व त्यावरील रकमेची आरटीजीएस ही सोय डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस, सुटीच्या दिवशींही, चालू आहे. ‘आज बँक बंद आहे’ ही सबब व्यापाऱ्यानें सांगावी असे दिवस राहिले नाहींत.

सरकारी ई-नाम बाजाराविषयींही येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. १४ एप्रिल २०१६ रोजीं २१ बाजार समित्यांपासून त्याचा आरंभ झाला; आतां देशांतील १,३०० हून अधिक व महाराष्ट्रांतील शंभराहून अधिक बाजार समित्या त्यांत आल्या आहेत. फाटकावर नोंद, मालाची प्रत तपासणें, संगणकावर बोली, तोल आणि मग शेतकऱ्याच्या खात्यांत थेट पैसे, असा त्याचा क्रम आहे. यांतील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, पण गाळली जाते तीही बहुधा हीच. बोली संगणकावर व्हावी आणि पैसे मात्र जुन्या उधारीच्या रिवाजानें मिळावे, असें जेथें चालतें, तेथें शेतकऱ्याच्या पदरांत सुधारणेचा अर्धाच भाग पडतो. आडत्याकडून घेतलेली उचल शिरावर असलेला शेतकरी थेट पैशाचा आग्रह धरूं शकत नाहीं, हें त्याचें एक खरें कारण आहे; तें समजून घेतल्यावांचून नुसती यंत्रें बसवून भागणार नाहीं.

एक हिशेब

केवळ उदाहरणादाखल असें धरूं कीं, एका बागाईतदारानें ऑनलाइन बाजारांत १,५०० रुपयांप्रमाणें १०० पेट्या विकल्या. विक्री झाली १,५०,००० रुपयांची. बाजाराचें कमिशन शेंकडा १० धरलें तर १५,००० रुपये, त्यावर शेंकडा १८ कर २,७०० रुपये. पैसे वाहण्याची कटौती शेंकडा २ प्रमाणें ३,००० रुपये, तिच्यावरील कर ५४० रुपये. एकूण कपात २१,२४० रुपये. हातीं राहिले १,२८,७६० रुपये. त्यांतून पेटी, गवत, वाहतूक यांचा खर्च अजून जावयाचाच आहे. तीन गिऱ्हाइकांनीं फळ डागी निघाल्याचें सांगून पैसे परत घेतले, तर आणखी ४,५०० रुपये गेले. त्यांवरील कमिशन परत मिळेल कीं नाहीं, हें करारावर अवलंबून.

आतां हे १,२८,७६० रुपये दहा दिवसांनीं मिळाले, असें समजा. वार्षिक शेंकडा १२ प्रमाणें दहा दिवसांचें व्याज सुमारें ४२३ रुपये होतें. वाचक म्हणतील, एवढ्याशा रकमेकरितां काय भांडावयाचें ? पण प्रश्न व्याजाचा नसून मुदलाचा आहे. त्या दहा दिवसांत सबंध हंगामाची कमाई परक्याच्या हातीं असते. बाजार चालविणारी कंपनी त्या मुदतींत बुडाली आणि पैसा विश्वस्त खात्यांत नसून तिच्याच खात्यांत असला, तर शेतकरी हा तिच्या अनेक धनकोंपैकीं एक होतो, व त्यानें रांगेंत उभें राहावें लागतें.

विकण्यापूर्वीं काय पाहावें

पहिली गोष्ट, करारपत्र कोणाशीं होत आहे तें पाहावें, आणि पैसे कोण गोळा करणार हें त्यांत नांवानिशीं लिहिलेलें आहे कीं नाहीं तें तपासावें. देयक-मध्यस्थास रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे कीं नाहीं, हें बँकेनें प्रसिद्ध केलेल्या यादीवरून कळतें. दुसरी, पैसे किती दिवसांत मिळतील आणि ते दिवस कशापासून मोजावयाचे : मागणीपासून, माल निघाल्यापासून कीं पोंचल्यापासून ? ‘सात दिवस’ या शब्दांचे यामुळें तीन निरनिराळे अर्थ होऊं शकतात. तिसरी, माल परत येण्याची अगर पैसे परत देण्याची मुदत. नाशिवंत फळास ती तासांत असावी, आठवड्यांत नव्हे. आणि डागी मालाचें छायाचित्र पाठविण्याची अट खरेदीदारावर असावी. चौथी, प्रत्येक भरण्याबरोबर तपशीलवार पट्टी मिळावी. आडत्याच्या पट्टींत हमाली, तोलाई ओळीनें लिहिलेली असे. ऑनलाइन बाजारानेंही प्रत्येक कपात तशीच ओळीनें दाखविली पाहिजे. पांचवी, आपली येणें रक्कम सांठूं देऊं नये. बाजाराच्या ॲपमध्यें ‘शिल्लक’ म्हणून दिसणारा आंकडा हा आपल्या बँकेंतला पैसा नव्हे.

लबाडीविषयीं सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें एक वाक्य आहे : युपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींही लागत नाहीं. ‘तुमच्या मालाचे पैसे पाठवितों, एवढा कोड स्कॅन करून पिन घाला’ असें म्हणणारा खरेदीदार हा चोर समजावा. पैसे मागणाऱ्या संदेशांवरून इतक्या लोकांची फसवणूक झाली कीं, एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यांत आली. तसेंच, खरेदीदारानें आपल्या मोबाइलवर दाखविलेलें ‘पैसे गेले’ हें चित्र पाहून माल गाडींत चढवूं नये. आपल्या खात्यांत रक्कम जमा झालेली स्वतः पाहावी. फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें. पहिल्या कांहीं तासांतच पैसा अडविला जाण्याचा संभव अधिक असतो.

संघाचें काम

एकट्या शेतकऱ्यास कंपनीच्या करारांतील एक शब्दही बदलून मिळत नाहीं, हें आम्ही जाणतों. शंभर बागाईतदारांचा माल एका हातानें देणाऱ्या संघास मात्र तो बदलून मिळूं शकतो. भाव पन्नास रुपयांनीं वाढवून मागण्याआधीं संघानें भरण्याची मुदत तीन दिवसांवर आणावी आणि पैसा परवानाधारक मध्यस्थाच्या विश्वस्त खात्यांतूनच यावा असें लिहून घ्यावें. हा लाभ भाववाढीपेक्षां मोठा ठरेल. मात्र संघ मध्यें पडला म्हणजे मधला पैसा संघाच्याही हातीं येतो, हें विसरतां कामा नये. सभासदांच्या मालाचा पैसा संघानें निराळ्या खात्यांत ठेवावा, त्यांतून पगार अगर भाडें देऊं नये, आणि कोणाचे किती दिवस राहिले याची यादी दर महिन्यास फळ्यावर लावावी. जो नियम आपण कंपनीस लावूं पाहतों, तो आधीं आपल्या घरीं पाळला, तरच आपल्या शब्दास वजन येईल.

येत्या हंगामाचे करार होण्यास अजून अवधि आहे. तेवढ्यांत प्रत्येक शाखेनें एक सभा भरवून, सभासदांनीं मान्य केलेलीं करारपत्रें मराठींत वाचून दाखवावीं. भावाचा आंकडा सर्वांस पाठ असतो. त्याच्या खालीं बारीक अक्षरांत काय लिहिलें आहे, तें एकदां मोठ्यानें वाचलें जावें, एवढेंच आमचें मागणें आहे.